ॲम्ब्युलन्सला वाट दिली, बिल आलं 26,000: माझ्या गाडीच्या विम्याचा अनुभव

आधीच सांगून टाकतो, तारे पाचपैकी तीन. कंपनीचं नाव लिहीत नाही. भांडण आता मिटलंय आणि ते परत उकरायची हौस नाही.

गाडी वॅगनआर, ऑगस्ट 2019 ची, साधी पेट्रोल. धरणगावला माझं ठिबकच्या फिटिंगचं आणि पाइपांचं दुकान आहे, त्यामुळे मागच्या सीटवर एरवी लॅटरलचं एखादं बंडल पडलेलं असतंच. जानेवारीतल्या त्या रविवारी मात्र सीटवर भरिताचं पातेलं होतं. जळगावला मेहुणीच्या पोरीची सुपारी फुटायची होती आणि वीस माणसांचं भरीत आमच्या घरून जायचं ठरलेलं. बामणोदची वांगी, कपाशीच्या काड्यांवर भाजून, बडगीत ठेचून, वरून कांद्याची पात आणि तेलाचा सढळ हात. पातेल्याला फडकं बांधलेलं, आणि बायको दर पाच मिनिटांनी मागे वळून त्याला हात लावून बघत होती.

पाळधीला हायवेला लागलो, बांभोरीचा गिरणेवरचा पूल ओलांडला आणि खोटेनगरच्या दिशेने येत होतो. वेग पन्नासच्या आसपास. मागून सायरन आला. आरशात बघितलं तर दिवे चमकवत ॲम्ब्युलन्स अगदी जवळ. उजव्या हाताला कापसाने फुगलेला ट्रक, त्याला काही हलता येत नव्हतं. म्हणजे वाट देणार तर मीच, आणि डावीकडेच.

घेतली डावीकडे. इथे माझी चूक आहे ती कबूल करतो. आधी इंडिकेटर, मग वेग कमी, मग हळूच कडेला, असं करायला हवं होतं. मी स्टिअरिंग ओढलं. पुढचं डावं चाक साइडपट्टीवरून खाली गेलं. पट्टी डांबरापेक्षा चांगली वीतभर खचलेली होती, आणि पुढे गवतात गटाराची सिमेंटची कड लपलेली. चाक त्या कडेवर आपटलं. त्याच झटक्यात डाव्या फेंडरने एका पेरूच्या हातगाडीचं चाक धरलं. मागे पातेलं कलंडल्याचा आवाज मी ऐकला. बायकोने तर सायरनच्या आधी तोच ऐकला असणार.

ॲम्ब्युलन्स गेली. माझी गाडी अर्धी रस्त्यावर, अर्धी खाली. सुटकेचा श्वास घेतो न घेतो तोच ॲम्ब्युलन्सच्या शेपटीला धरून एक पांढरी मोठी गाडी आली, चारही इंडिकेटर लावून, जसा काही पेशंट तिच्यातच आहे. तिने माझा उजवा आरसा उडवला आणि गेली. थांबली नाही. नंबर मला दिसला नाही, बायकोला दिसला नाही, ट्रकवाल्याला दिसला असेल तर तोही थांबला नाही.

हातगाडीवाला खाली बसून चाक बघत होता. "भाऊ, मना गाडानं चाक वाकी गयं ना! आते हाई माल कोन लेई?" पेरू हायवेभर घरंगळले होते. आम्ही दोघं, तो आणि बाजूच्या मेडिकलमधला पोरगा, चौघांनी मिळून गोळा केले. निम्मे फुटलेले. मी खिशातून 2,000 काढून दिले आणि वरून तीन किलो फुटके पेरू घेतले. माणूस भला होता, भांडला नाही. पण या 2,000 ची गोष्ट पुढे आहे.

कंपनीचा टोल फ्री नंबर लावला. दुसऱ्या प्रयत्नाला लागला, त्याबद्दल अर्धा तारा. पलीकडच्या मुलीने पहिला प्रश्न विचारला, "सर, ॲम्ब्युलन्सने तुम्हाला धडक दिली का?" नाही म्हटलं. "मग कोणी दिली?" कोणीच नाही, मी वाट द्यायला बाजूला झालो. यावर तिच्याकडे कॉम्प्युटरमध्ये खूण करायला जागाच नव्हती. समोरून धडक, मागून धडक, जनावर आडवं आलं, चोरी, पूर, सगळं होतं. शेवटी तिने लिहिलं, "चालकाचा ताबा सुटला." ते मला मेसेजमध्ये वाचायला मिळालं आणि माझा पारा चढला. चाळीस मिनिटं घालवून ते वाक्य मी बदलून घेतलं.

नंतर नुकसान तपासायला कंपनीने पाठवलेल्या सर्व्हेअरने सांगितलं की ती चाळीस मिनिटं फुकट गेली.

सर्व्हेअर दुसऱ्या दिवशी वर्कशॉपला आला. तिशीतला पोरगा, हातात मोबाइल, गाडीभोवती दोन चकरा मारून भराभर फोटो काढले, मग मागचं दार उघडलं आणि थबकला. "काका, गाडीत काही सांडलंय का?" भरीत आहे म्हटलं. "लेवा पाटलांचं?" हो म्हटल्यावर त्याचा चेहरा जरा सैल झाला, आणि मग त्याने मला जे समजावून सांगितलं ते पाच वर्षांत माझ्या एजंटाने एकदाही सांगितलं नव्हतं. माझ्या तीन ताऱ्यांतला एक पुरता त्या पोराचा आहे.

तो म्हणाला, "ॲम्ब्युलन्सला वाट देताना झालं काय आणि म्हशीला वाचवताना झालं काय, तुमच्या पॉलिसीला दोन्ही सारखंच." पॉलिसीत दोन भाग असतात. एक थर्ड पार्टी, जो कायद्याने सक्तीचा. तो तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर. दुसरा तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, तो ऐच्छिक. या दुसऱ्या भागात चूक कोणाची हे बघितलंच जात नाही. अपघात झाला, लायसन्स आहे, दारू प्यालेली नाही, गाडी नोंदवलेल्याच कामासाठी वापरली जात होती, एवढं असलं की पैसे मिळतात. मी बावळटपणे स्टिअरिंग ओढलं तरी मिळतात, सायरन नसता तरी मिळाले असते. पण ज्याने नुसती थर्ड पार्टी घेतलीय, त्याने ॲम्ब्युलन्सला वाट देऊन गाडी गटारात घातली तर त्याला दमडी मिळत नाही. आमच्याकडे जुन्या गाड्यांना बहुतेक लोक थर्ड पार्टीच काढतात. माझ्याच दुकानाच्या ओळीतले तिघं तसे आहेत.

आता कायद्याचं. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 194 ई आलं. ॲम्ब्युलन्स किंवा अग्निशामक गाडी येताना गाडी रस्त्याच्या कडेला घेतली नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. यात वाद नाही, असायलाच हवं. 2021 च्या एप्रिलात माझ्या वडिलांना 108 च्याच गाडीने जळगावला नेलं होतं. पाळधीपासून पुढे लोकांनी कशी वाट दिली ते मी आतून, त्यांच्या पायाशी बसून पाहिलंय. म्हणून सायरन ऐकला की माझे हात आपोआप वळतात, कदाचित जरा जास्तच जोरात. पण कडेला घेताना गाडीचं जे होईल ते कोणी भरायचं, याबद्दल त्या कलमात एक अक्षर नाही. कडेला घेणं हे तुमचं कर्तव्य, आणि ते सांभाळून घेणं हेही तुमचंच. त्या गडबडीत तुम्ही दुसऱ्याला ठोकलं तर "मी तर वाट देत होतो" एवढ्याने सुटका होत नाही. पेरूवाल्याच्या बाबतीत जबाबदार मीच होतो, ॲम्ब्युलन्सवाला नाही. त्याने मला हातही लावला नव्हता.

मेहुणीच्या घरी त्या दिवशी यावरच चर्चा. भरीत निम्मंच पोचलं, पण मतं भरपूर. साडूंचं ठाम मत की ॲम्ब्युलन्सवरच केस टाकायची, सरकारी कामातून नुकसान झालं. असं होत नाही. ॲम्ब्युलन्सने तुम्हाला प्रत्यक्ष धडक दिली आणि चालकाचा निष्काळजीपणा दाखवता आला, तर गोष्ट वेगळी. सायरन म्हणजे काही वाटेल त्याला ठोकायचा परवाना नाही. सिग्नल तोडायची, वेग वाढवायची मुभा त्यांना असते ती काळजी घेऊनच. उभ्या गाडीला ॲम्ब्युलन्सने धडक दिली तर ॲम्ब्युलन्सचा मालक आणि तिचा विमा जबाबदार, आणि दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात करता येतो. माझ्या बाबतीत तिने फक्त सायरन वाजवला. साडूंना हे अजून पटलेलं नाही.

खरा गुन्हेगार ती पांढरी गाडी. तिच्याकडून आरशाचे पैसे घेता आले असते, हक्काने. मेडिकलच्या कॅमेऱ्यात ती आली, पण नंबरप्लेटच्या जागी नुसता उजेड. आणि नंबर मिळाला असता तरी 1,600 रुपयांच्या आरशासाठी कोण न्यायाधिकरणाची पायरी चढणार? मागे चिकटून जाणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. खचलेल्या साइडपट्टीबद्दल तर मी विचारायचंही सोडलं.

आता पैसे. एकूण बिल जीएसटीसकट 26,000. तोडून सांगतो, कारण कोणी सांगत नाही. पुढचा बंपर 2,400, डावा हेडलाइट 3,000, आरसा 1,600, टायर 4,000. ही सगळी प्लास्टिक आणि रबराच्या खात्यातली, यावर सरसकट निम्मा घसारा, म्हणजे वस्तू जुनी झाल्याबद्दलची घट, कापतात, गाडी काल घेतलेली असली तरी. फेंडर 2,000, चाकाची रिम 1,600, खालचा आर्म 1,800. हे लोखंड, आणि लोखंडाचा घसारा गाडीच्या वयावर. पाच ते दहा वर्षांच्या गाडीला 40 टक्के. माझी साडेपाच वर्षांची. सहा महिने आधी झालं असतं तर 35 टक्क्यांवर भागलं असतं. रंगकाम 6,400, त्यात रंगाच्या मालाचा भाग पंचवीस टक्के धरतात आणि त्या भागाचाच निम्मा घसारा, म्हणजे कापले 800. मजुरी 3,200, ती पूर्ण मिळते. कंपनीच्या वाट्याला आले 17,540, त्यातून सक्तीची वजावट, म्हणजे दर क्लेमला आपणच सोसायचा वाटा, 1,000 (पंधराशे सीसीच्या आतल्या गाडीला एवढी असते). हातात 16,540. माझ्या खिशातून 9,460.

झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याची जास्तीची सोय, घेतली असती तर ही घसाऱ्याची बरीचशी कापाकापी वाचली असती. मागच्या ऑगस्टात एजंट म्हणाला होता, "नाना, जुनी गाडी, कशाला दोन हजार जास्त घालता?" मी त्याचं ऐकलं. तो आता फोनवर हसतो आणि म्हणतो, नाना, तुमचंच नशीब.

पेरूवाल्याचे 2,000 मागितले तर कंपनीने पॉलिसीतली अट दाखवली. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय तिऱ्हाइताला काही कबूल करायचं नाही, काही द्यायचं नाही. अट खरी आहे, बारीक अक्षरात माझ्याच कागदात आहे. माझ्या थर्ड पार्टी भागात दुसऱ्याच्या मालमत्तेसाठी साडेसात लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण हातगाडीचं वाकलेलं चाक त्यात बसवायचं तर पेरूवाल्याने दावा करायचा, मी कंपनीला कळवायचं, आणि तोवर तो वाकड्या चाकाच्या गाडीवर काय विकणार? पुन्हा अशी वेळ आली तरी पैसे मी तसेच देईन. फक्त ते परत मिळतील या आशेवर देणार नाही.

राग आला तो वेगळ्याच ठिकाणी. सर्व्हेअरचा रिपोर्ट वर गेला आणि कंपनीच्या ऑफिसातून फोन आला की डाव्या बाजूचं नुकसान एक अपघात आणि उजवा आरसा दुसरा अपघात, म्हणून क्लेम दोन. दोन क्लेम म्हणजे 1,000 ची वजावट दोनदा. मी म्हटलं, अहो, सायरन एक, मिनिट एक, जागा एक. ते म्हणाले, आदळण्याची कारणं दोन. तांत्रिकदृष्ट्या त्यांचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं, हे मी आज शांत डोक्याने लिहू शकतो. त्या दिवशी मी दुकानात गिऱ्हाइकासमोर फोनवर ओरडत होतो.

मेडिकलच्या पोराने व्हॉट्सॲपवर क्लिप पाठवली. घड्याळ 11:42:08 ला माझं चाक खाली जातं, 11:42:15 ला आरसा उडतो. सात सेकंद. क्लिप जोडून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला आणि खाली लिहिलं की महिन्याभरात उत्तर नाही आलं तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जाईन. ते कार्यालय आपल्या भागाचं. तिथे फी नाही, वकील लागत नाही, फक्त आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते. मला जावं लागलं नाही. 19 दिवसांनी उत्तर आलं, एकच क्लेम धरला. कारण दिलं नाही, दिलगिरी तर दूरच. पण 1,000 वाचले आणि मी अर्धा तारा परत लावला.

वर्कशॉपबद्दल फार लिहीत नाही. कॅशलेस होतं, कंपनीचा वाटा त्यांनी परस्पर घेतला, मी माझा दिला. सांगितलेल्या दिवसापेक्षा सहा दिवस उशीर. काम बरं, फेंडरचा रंग दाराच्या रंगाशी उन्हात जुळत नाही, सावलीत जुळतो. मी गाडी सावलीत लावतो.

क्लेम करावा का, हे मला बरेच जण विचारतात, म्हणून माझा हिशेब देतो. पाच वर्षं क्लेम नव्हता, त्यामुळे माझा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, 50 टक्क्यांवर होता. तो आता शून्यावर. मग पुढच्या वर्षांत 20, 25, 35, 45 अशा पायऱ्या चढत परत 50. स्वतःच्या नुकसानीच्या भागाचा मूळ प्रीमियम माझा साधारण 5,000. तो तसाच राहिला असं धरलं तर पहिल्या वर्षी 2,500 जास्त, मग 1,500, मग 1,250, 750, 250. एकूण 6,250. म्हणजे मिळालेल्या 16,540 तले खरे पदरात पडले 10,290. मोठ्या नुकसानीला क्लेम परवडतो. नुसता आरसा गेला असता तर क्लेम करणं शुद्ध खुळेपणा झाला असता: 1,600 चे निम्मे 800, त्यातून 1,000 वजा. हा हिशेब मी दुकानातल्या पाइपांच्या कोटेशनच्या पाठीवर केला आणि एजंटाला पाठवला. त्याने अंगठा पाठवला.

तर सर्व्हेअरला एक. टोल फ्री लवकर लागला त्याला अर्धा, क्लेम शेवटी एक धरला त्याला अर्धा, आणि घसाऱ्याचा हिशेब पै न पै बरोबर निघाला म्हणून एक. दोन कापले ते "चालकाचा ताबा सुटला" या वाक्याचे आणि त्या 19 दिवसांचे.

ऑगस्टात नूतनीकरण आहे. या वेळी झिरो डेप विचारली तर सहा वर्षांच्या गाडीला देतील की नाही ते बघू, म्हणतायत. बायकोचा आग्रह वेगळाच आहे. भरिताला झाकण फिट बसेल असा स्टीलचा डबा आधी घ्या म्हणते. मागच्या सीटचं कव्हर दोनदा धुतलं. उन्हात गाडी तापली की अजून लसणीचा वास येतो.